दोघायच्या धुऱ्यावरची बाभूळ

जमलेल्या मायबाईनो, भावायनो,

मले भाषन येत नाही. पन सुखदेवची घरवाली, आमची वहिनी म्हनली, "भाऊजी, तुमी नाही बोलान तं कोन बोलन?" म्हनून उभा झालो.

मी सुखदेवचा कोन? भाऊ नाही, सोयरा नाही. त्याची धानाची बांधी अन् माही बांधी, मंधात एक धुरा, मातीचा बांध. एवढंच नातं. अन् आता काही जन म्हनून राहिले, सुखदेव गेला, बाईमानूस काय राखन, धुऱ्यावरची झाडं इकून टाका. त्याचंच मले बोलाचं हाये.

त्या धुऱ्यापायी आमचे बाप जनमभर भांडले. नांगरताना हा इकडून कोरे, तो तिकडून कोरे. धुरा झाला पापडावानी. पाऊस आला का फुटे. दोघायचीही माती वाहून खालच्या बोडीत, गावाच्या लहान्या तळ्यात. बोडी गाळानं भरली, अन् खालच्या लोकायचं धान वाळलं. भांडन दोघायचं, उपास गावाचा!

दुष्काळाच्या सालानंतर झाडं वाटनारे साहेब आले. तुमी सारे होते त्या सभेत. काय म्हनलो आपन? "सावलीनं धान मरते, साहेब. रोपं वापस न्या." तवा सुखदेव उठला. म्हनला, "बाभळीची सावली पातळ असते. पन साहेब रोपं देऊन जातीन, राखन कोन? धुरा ज्या दोघायचा, त्यायनंच लावाचं. अन् दोघायच्या 'हो' बिगर कुऱ्हाड नाही लावाची." मंग माह्याकडं पाहून हासला. "काहून गा, का आनखी कोराचं हाये?"

आमी बाभळी लावल्या. मुळायनं धुरा धरला, पानी बांधीत थांबलं. मंग तुमीही लावल्या. ज्याच्या बापासंग माहा बाप बोलत नोता, त्याच्याच बंडीत बसून मी कोंढ्याच्या बाजाराले जाऊ लागलो.

तो गेला त्या दिवशी पानी खंडतच नोतं. सरनाले गावात वाळलं लाकूड नाही. धुऱ्यावर एक बाभूळ वाळून उभी होती. सारे म्हनले, तोड. मी कुऱ्हाड घेऊन गेलो. अन् हातच उठेना. काहून? दोघायची 'हो' पाह्यजे ना! माही होती. त्याची कोनाले मागू?

मी भर पावसात हाक मारली. "सुखदेव गा! तोडू का?" दोनदा मारली, तीनदा मारली. लेकरावानी रडलो, भावायनो.

मांगून वहिनी आली. भिजलेली. म्हनली, "तोडा भाऊजी. त्यायच्या वाट्याची 'हो' आता माही समजा."

तवा कुऱ्हाड चालली.

ज्यायले झाडं इकाची हायेत, त्यायनं आयकावं. अर्धा धुरा या बाईचा हाये. ते 'नाही' म्हनली, तं माही बी 'नाही'.

आता उभे व्हा. कोनी बोलू नका. जराशीक उगे राहा त्याच्यासाठी.

सुखदेव, माहा रामराम घे गा.