कॉम्प्युटरने दाखवलेली होडी

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कट्टा गावच्या थांब्यावर मी मालवणच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. इंजिनिअरिंगला शिकणारी तिची भाची तिला न्यायला आली होती.

"आत्ये, बाबांची होडी माझ्या कॉम्प्युटरान दाखवल्यान."

"मशीनीक काय ठावक गो माझ्या भावाची होडी?"

"माझो शेवटच्या वर्षाचो प्रोजेक्ट तोच. सुटलेली जाळी वाऱ्यान खंय जातत, ता बाबांनी दिवाळीत माका सगळा सांगितल्यानी. मी ता कॉम्प्युटरात घातलंय. जाणत्या माणसासारखो तो आदी प्रश्न विचारता, मगे जागा सांगता."

"तू काय विचारलंस?"

"बाबा दर्यातसून परत इले नाय, अशी तार इली. तशी भाईकाकांक ट्रंककॉल लावून त्या दिवसाचो वारो विचारलंय. तो घातलंय आणि जाळ्याच्या जागी होडी घातलंय."

"मगे?"

"'आचऱ्याच्या खाडयेत बघ गो,' असा पडद्यार इला."

"बरोबर. तुझो बापूस तुका तसाच सांगी."

"आत्ये, मी तेच्यात नुसती गावांची नावा घातल्ली. 'बघ गो' मी घालूक नाय."

"भाई बघूक गेलो?"

"काल गेले. होडी थंयच तिवरांत अडाकलेली गावली. रिकामी."

"मगे तेका सांगितलंस?"

"कोणाक?"

"मशीनीक. होडी गावली म्हणान सांग, बाये. नायतर तो शोधीतच रवतलो."