बांध फुटायच्या आधी

कर्जतला पनवेलच्या एसटीच्या रांगेत माझ्या पुढे कळंबकडचे नवराबायको उभे होते. बाईंच्या काखेत हॉस्पिटलची फाइल, नवऱ्याच्या हातात कपड्यांची पिशवी.

“विमल, रिपोर्टात कॅन्सरची पायरी शून्य लिवलीय. मग ऑपरेशन कशाला? घरी चल गं.”

“शून्य म्हंजे रोग नाय, असं नाय वो. त्यो अजून भायेर पडला नाय, असं.”

“तुला कोन बोललं?”

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तपासनाऱ्या डॉक्टरीनबाईंना बोलले, सुईनं काढलेला तुकडा माझा हाय, मला पन दावा. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावू दिला.”

“काय दिसलं?”

“आपल्या खाचरावानीच. छातीतल्या दुधाच्या नळीला चारी बाजूंनी बांध, आन् आत रोगाच्या पेशी दाटून बसल्यात. मी इचारलं, बांध कुठं फुटलाय का? त्यांनी काच सरकवून सरकवून दावली. कुठंच फुटला नाय.”

“मग मी तेच तर बोलतोय! बांध शाबूत हाय ना?”

“अवो, खाचरात बांधाशी चिंबोरी दिसली की तुमी काय करता?”

“हात घालून, नांग्या धरून भायेर काढतो. नायतर बीळ पाडून बांध फोडंल ती.”

“कधी काढता?”

“कधी म्हंजे? दिसली की तवाच.”

“बांध शाबूत असला तरी?”

नवऱ्याने कपड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“गाडी आली. पिशवी नीट धरा.”