लंबर पार्कचा जुना स्टँड आणि इर्माबाईंचा आवाज

आदरणीय अध्यक्ष, महापौर बाई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि टॅमरॅक बेंडच्या माझ्या गाववाल्यांनो,

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, असा संकेत आहे. पण ज्यांनी चाळीस वर्षं आपल्या मैदानावर माईक सांभाळला, त्या इर्मा साल्मेला यांच्याबद्दल बोलायचं तर मला भीतीबद्दलच बोलावं लागेल.

आपलं बेसबॉलचं मैदान, लंबर पार्क, वखारीतल्या कामगारांनी उरलेल्या फळ्यांतून उभं केलं. दर वसंतात नदी प्रेक्षकांच्या स्टँडखाली शिरायची, खांब भिजायचे, आणि आपण वरून रंग द्यायचो. तो स्टँड कुरकुरायचा, आणि आपल्याला त्याचंही कौतुक! कोणी कधी खाली वाकून पाहिलं का? मीही नाही पाहिलं.

त्या रविवारी चेंडू टाकणारा पिचर मी होतो. सामना संपत आला तरी पाहुण्यांच्या एकाही फलंदाजाला माझ्याविरुद्ध फटका मारून धाव गाठता आली नव्हती, एकही हिट मिळाली नव्हती; असा सामना पिचरच्या आयुष्यात एखादाच येतो. अशा वेळी काय करायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते बोलून दाखवायचं नाही आणि बसल्या जागेवरून हलायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते. अख्खा स्टँड चिडीचूप बसला होता.

स्टँडखाली सॉसेज भाजणाऱ्या आपल्या ओलेने मधला खांब तडकताना पाहिला. तो धापा टाकत मैदानापलीकडे इर्माबाईंच्या माईकच्या खोलीत गेला. खांब तडकल्याचं लोकांना सांगितलं, तर घाबरून मागच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होणार. म्हणून बाईंनी सगळ्यांना पुढच्या फाटकातून मैदानात उतरण्याची विनंती केली. कोणी हललं नाही. उलट एकजण ओरडला, "इर्मा, आज तरी तोंड बंद ठेव!"

मग माईकवर माझं नाव घेत त्यांचा संथ आवाज आला. "वेन टोरवाल्डने आज एकही हिट दिलेली नाही. आता देईल, लिहून ठेवा."

काय सांगू मंडळी! सगळा स्टँड उठला आणि शिव्या घालत पुढच्या फाटकातून त्यांच्या खोलीकडे निघाला. मलाही वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण रांगा रिकाम्या होत गेल्या तसा लाकूड तडकल्याचा आवाज मला ऐकू यायला लागला. तिसऱ्या रांगेत एकच बाई डोळे मिटून बसली होती. ती माझी आई.

मी कठड्याशी धावलो. "आई, खाली ये. हे फुटतंय."

"ते रोजच कुरकुरतं. मी हलले तर तुझं बिघडेल. जा, टाक चेंडू."

 वर चढलो असतो, तर माझ्याच वजनाने ते कोसळलं असतं. मी वळलो, चेंडू पंचांच्या हातात दिला आणि तिला ऐकू जाईल असं म्हणालो, "मी सामना सोडला."

तेव्हा तिने डोळे उघडले. मला झापायलाच ती तरातरा खाली आली. "मेल्या, एवढ्यासाठी मी तुला वाढवलं?" ती फाटकाबाहेर पडली आणि मागे तिची रांग कोसळून जमिनीत गेली. बोलता बोलता तिने वळून पाहिलं आणि माझी बाही घट्ट धरली. घरी पोचेपर्यंत तिने ती सोडली नाही.

आता काँक्रीटचा स्टँड आहे. उद्यापासून माईकवर नवा तरुण येईल, आवाज त्याचा गोड आहे. तरी मला भीती वाटते. सगळं गाव एकमताने गप्प बसलेलं असताना नको ते बोलून गावाच्या शिव्या खाणारं माणूस आता कुठून आणायचं? इर्माबाई, त्या दिवशी तुम्ही माझी संधी घालवलीत, असं लोक अजून म्हणतात. माझी आई आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे, एवढंच माझं त्यांना उत्तर.

आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. सभागृहाची सगळी दारं मी आधीच उघडायला लावली आहेत. निघताना घाई करू नका, पण इर्माबाईंनी उठा म्हटलं, तर कृपा करून उठा.