चौथा फोन

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाईंच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि फोन स्पीकरवर.

"ताई, क्लाउडवरचा डेटाबेस नव्या खासगी नेटवर्कवर हलवला, पण रुग्णवाहिकांच्या चालकांना पत्तेच दिसत नाहीयेत."

"मग जुन्यावर परत ने."

"जुनं नेटवर्क काढून टाकलं. वाटलं, झालं काम."

"वाटलं! नव्यात चालकांच्या ॲपला परवानगी दिलीस?"

"अरे देवा!"

"देव नंतर. आधी परवानगी दे."

"दिली... दिसले! पत्ते दिसले, ताई."

"मधल्या वेळात किती जणांनी गाडी मागितली?"

"चौघांनी."

"चौघांनाही फोन लाव. गाडी पोचली का विचार."

काउंटरवरून हाक आली, "बाई, तुमचा नंबर."

"पुढच्यांना घ्या."

"ताई, तिघांकडे पोचली. चौथे उचलत नाहीयेत."

"परत लाव."

"रिंग जातेय नुसती."

"लावत राहा."

"...उचलला! आत्ताच आजोबांना गाडीत घेतलं म्हणे."

"शुद्धीवर आहेत?"

"हो. चष्मा मागताहेत."

बाईंनी डोळे पुसले. आवाज मात्र तसाच.

"आता अहवाल लिही. अकरा मिनिटं बंद होतं."

"नऊ लिहू का? दहाच्या आत असलं की कुणी विचारत नाही."

"त्या आजोबांच्या घरी विचार, वाट पाहताना किती मिनिटं होती ती. आणि ते सांगतील तेवढी लिही."