मुठीची भिंत

मी मूळचा कोडोलीचा. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी अर्धी. बाप गवंडी, त्येच्या हाताखाली मी गवंडी झालो. बापाजवळ टेप न्हवता, वीत हीच त्येची पट्टी. नऊ इंच म्हंजे एक वीत, आणि मावळतीची भिंत वितीचीच पायजे, कमी चालायची न्हाय, असं तो म्हणायचा. का, तर दुपारनंतरचं ऊन त्याच भिंतीवर येऊन बसतंय. भिंत जाड असली की आत येस्तोवर सांज होती, खिडक्या उघडल्या की वाऱ्यासंगं निघून जातंय. पातळ असली की ऊन घरात शिरतंय नको असलेल्या पावण्यागत, आणि उठायचं नाव घेत न्हाय.

नव्वदनंतर कोल्हापुरात फ्लॅटचं पीक आलं. राजारामपुरीत एका चार मजली बिल्डिंगवर मी मोठा मिस्त्री होतो. तिथला इंजिनेर म्हणाला, मिस्त्री, सगळ्या भिंती चार इंची घ्या. वजन कॉलम घेतंय, भिंत नुसता आडोसा. मी मूठ वळून विटंवर ठेवली, म्हटलं सायेब, ही मूठ झाली, वीत न्हवं. मावळतीला मुठीची भिंत म्हंजे घराला तवा लावल्यागत. तर तो हसतोय. म्हणाला, गिऱ्हाईक जागा मोजतंय मिस्त्री, ऊन मोजत न्हाय. खिडक्यांवरचं छज्जं बी नकाशातनं काढून टाकलं, म्हणं जुनाट दिसत्यात.

आणि मी काय केलं, काय सांगू तुमास्नी, बांधली की. ह्या हातानं बांधली. सायबाचा राग हायच, पण माझा मला जास्त हाय. थापी टाकून कोडोलीला गेलो असतो तर काय उपाशी मेलो असतो? न्हाय. तरी बांधली.

आता पुढचं ऐका. धा वर्षांनी पोरानं फ्लॅट घेतला, मला न विचारता. दाखवायला घेऊन आला आणि जिना चढतानाच माझ्या पायांनी वळखलं. तीच बिल्डिंग, तिसरा मजला, मावळतीची बाजू. उन्हाळा, चार वाजलेलं. भिंतीवर तळवा ठेवला, भाकरी भाजंल इतकी तापलेली.

सून म्हणाली, मामंजी, एसी लावू की, सगळ्यांनी लावलाय. मी म्हटलं, पोरी, वीज काय रंकाळ्यातनं भरून आणत्यात व्हय? कुठंतरी कोळसा जळतोय, कुणाच्या तरी गावावर राख पडत्या, तवा तुझी खोली गार हुनार. आणि ते डबडं आतली उष्णता वरच्याच्या खिडकीत वततंय, मग वरचा बी डबडं आणतोय. भिंत चुकली माझी, आणि भोगायचं सगळ्या जगानं?

सोसायटीच्या चेअरमनकडं गेलो. म्हटलं, गच्चीला पांढरा चुना मारतो, खिडक्यांवर छज्जं बांधतो, मजुरी नको. तो म्हणाला, आजोबा, एलिवेशन बिघडतंय. एलिवेशन म्हंजे काय ओ, म्हटलं. बाहेरनं दिसतंय ते, म्हणाला. म्हंजे बाहेरनं बघणाऱ्यासाठी आतल्यानं भाजून घ्यायचं, असंच न्हवं?

मग म्या घराच्या आतनं दुसरी भिंत धरली. पोरगा म्हणाला, आबा, वजन पेलंल का. म्हटलं, खाली बीम हाय, मीच वतलाय, मला शिकवू नको. जुनी मूठ, मधी दोन बोटं पोकळी, आतनं नवी मूठ. वीत भरून वर झाली. खोली बारकी झाली म्हणून सून चार दिवस रुसली. कपाट तुमच्या डोक्यावर ठेवू का, म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनंच हाक मारली. मामंजी, हिकडं या, हात ठेवा. ठेवला. माठाच्या पोटागत गार न्हवती, खोटं कशाला बोलू, पण माणसानं टेकून बसावं अशी होती. पोरानं एसीचा विषय काढला, तर नको म्हणाली. नको म्हणणारी ती, मी न्हाय.

पण सुख कुठलं. ह्या बिल्डिंगीत मावळतीला माझ्या अशा अजून सात भिंती हायत. खालची चेअरमनची, आणि त्येच्या डबड्याचं गरम वारं आमच्याच खिडकीत येतंय. दिवसभर घुमतंय. ते ऐकलं की वाटतं, माझीच चूक बोलत्या.

थापी धुऊन, तेल लावून ठेवलीया. हात अजून चालतोय. मी आपणहून जाणार न्हाय, चेअरमननं यावं. आला तर एका शब्दानं टोमणा मारणार न्हाय, भिंत बांधून दीन. बरं असू दे बिचाऱ्याचं, घर गार होऊ दे.