ओठ हलवून दिलेला पेपर

तुम्हाला सांगते, आमच्या पलूसमध्ये घरात बसून मी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा पेपर देत होते. मोबाईलचा कॅमेरा माझ्या तोंडावर रोखलेला, राखणीला माणूस नाही, यंत्रच. दुसऱ्याच प्रश्नाला पडद्यावर लाल अक्षरं आली, 'तुम्ही कोणाशी तरी बोलत आहात,' आणि पेपर बंद! वर्ष वाया जायची पाळी. मी तडक कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सर माझ्या नातवाच्या वयाचे.

"आजी, खोलीत कोण होतं? खरं सांगा."

"कोंबडीसुदिक न्हवती."

"मग रेकॉर्डिंगमध्ये ओठ का हलतायत?"

"आवं, प्रश्न वाचत हुते की!"

"मनातल्या मनात वाचायचं असतं, आजी."

माझं डोकंच फिरलं. "तसलं वाचणं शाळंत शिकवत्यात, सर. मी शाळंची पायरी चढले न्हाई. लेकाच्या पुस्तकावर बोट ठिवून, मोठ्यानं म्हणत म्हणत शिकले. ओठ मिटले की मला अक्षर लागत न्हाई. ह्याला चोरी म्हणायची असंल तर म्हणा."

सर म्हणाले, "उद्या परत द्या पेपर. यंत्र नको, मीच व्हिडिओवर समोर बसतो. खुशाल मोठ्यानं वाचा."

दुसऱ्या दिवशी मी नव्या पेपरातला पहिलाच प्रश्न खणखणीत वाचला, "अशिक्षित स्त्रियांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. कारणे लिहा."

सरांनी मान खाली घातली. "आजी, हा प्रश्न मीच काढलाय."

"बरं केलंसा," मी म्हटलं. "आता गप बसा, मला उत्तर लिहू द्या."