घोडीच्या मागून जाताना

मंठ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नंदाबाई शेळी घेऊन बसली होती. शेजारी नवरा कडूबा, औंदा दोन्ही डोळे गेलेला. सकाळी तिनं न बोलता त्याचं मनगट धरलं, तर तो दचकून अंगावर खेकसला होता. समोर डॉक्टरीणबाई कॉलेजातल्या आसिफाला वरातीच्या घोडीजवळ उभं करून शिकवत होत्या.

“थांब, आसिफा! अशी चोरपावलानं मागं जाऊ नको.”

“मॅडम, ती भडकू नये म्हणून जपून चालून राह्यले.”

“म्हणूनच भडकेल ना ती. अगदी मागचं तिला दिसत नाही. आधी खांद्यापाशी ये, आवाज दे. मग पाठीवर हात ठेवून बोलत बोलत मागं जा.”

“बोलू काय पण?”

“काहीही बोल. तू कुठं आहेस, एवढं तिला कळलं की झालं.”

“बेटी, मी हितंच हाय बघ. आता मागून चालले... मॅडम, बिलकुल हलली न्हाई!”

शेळीला सुई टोचून झाली. नंदाबाईनं कडूबाच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

“अवं, मी हाय. डाव्या अंगाला. उठा आता, म्होरं पायरी हाय.”

“म्या बी ऐकलं सगळं.”

“मंग?”

“मंग काय? लाथ न्हाई मारत. हात तेवढा काढू नको.”